ड्रम तो खाली था

उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे आणि मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाशी. आमच्या शाळेतली मुले या एका शब्दावर वर्षानुवर्षे अडखळत आली आहेत. मराठीच्या तासाला ‘डबा खाली ठेव’ म्हटले की एखादे लेकरू डब्यातली पोळी-भाजी कुठे ओतावी या विचारात पडते आणि सगळा वर्ग हसतो. आम्हीही हसतो. दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभे राहून शिकवणाऱ्या माणसाला अशा गमती रोजच्याच. पण याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आम्हांला ना बी.एड.च्या वर्गात कुणी शिकवला, ना कोणत्या शब्दकोशात सापडला.

तो शिकवला आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. दहावी करून मुलगा कामाला लागला होता. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला भंगाराची दुकाने आहेत, त्यांतल्या एका दुकानात गॅस कटर चालवायचा. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत बाप-लेक शाळेच्या कार्यालयात आले. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती, वकिलाने वयाचा पुरावा मागितला होता. मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, भुवया जळून गेलेल्या. रजिस्टरवर त्याने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी. आम्ही विचारले, काय झाले? खाली मान घालून म्हणाला, “सर, ड्रम तो खाली था. मैंने उल्टा करके देखा था.” बाप म्हणाला, “तकदीर थी सर, बच गया.”

चूक मुलाची नव्हती. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे तपासणीच केली होती. ड्रम उपडा करून पाहिला, काही सांडले नाही, मग कटर लावला. डोळ्यांना दिसेल ते त्याने पाहिले. मारणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त धोक्याचा असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटे वाटते. जळते ते द्रव नव्हे, त्याची वाफ, आणि तीही हवेशी ठराविक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तर ठिणगीने भडकते. त्याहून कमी असेल तर भडका उडत नाही, त्याहून जास्त असेल तर हवा अपुरी पडते. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच नसते. उलट दोनशे लिटरच्या रिकाम्या ड्रमच्या तळाच्या खाचेत चहाचे तीन-चार चमचे पेट्रोल किंवा थिनर राहिले, तरी त्याची वाफ अख्खा ड्रम बॉम्ब करायला पुरते. बंद भांड्यात तो भडका उडाला की झाकण नाहीतर बूड उडून जाते, आणि समोर कटर धरून बसलेला कुणाचा तरी मुलगा असतो.

हे ज्ञान काही गुप्त नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमात ते स्वच्छ लिहिले होते : ज्या टाकीत किंवा भांड्यात स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थ आहे, किंवा पूर्वी होता, त्यावर तो पदार्थ व त्याची वाफ काढून टाकण्याचे पुरेसे उपाय केल्याखेरीज वेल्डिंग वा कटिंग करू नये. ‘किंवा पूर्वी होता’ हे तीन शब्द आम्ही कितीदा तरी वाचले. कायदा लिहिणाऱ्यांना सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ठाऊक होते की रिकामे म्हणजे रिकामे नव्हे. याच कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, जिथे विषारी वाफा असण्याची शक्यता आहे अशा टाकीत वा खड्ड्यात माणूस उतरवायचा तर आधी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून, आत धोका नाही असा लेखी दाखला द्यावा लागे. दाखला! आम्ही त्या दिवशी मुलाच्या जन्मतारखेचा दाखला लिहीत होतो. ड्रमचा दाखला कुणी लिहिला नव्हता.

ड्रमवर काही लिहिलेले नव्हते का? होते. अर्धे फाटलेले एक लेबल होते, इंग्रजीत. मुलाला ‘ज्वालाग्राही’ हा मराठी शब्द परीक्षेपुरता येत होता, ‘आतिशगीर’ हा उर्दू शब्द धड्यात येऊन गेला होता, आणि घरी ज्या बोलीत तो बोलतो त्या दखनीत दोन्ही नव्हते. इंग्रजीचा तर आणखी घोळ. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न जळणारे, असे आमच्या कितीतरी मुलांना वाटते आणि व्याकरणाच्या नियमाने पाहिले तर त्यांचे तर्कशास्त्र बरोबरच आहे. आता आम्ही विज्ञानाच्या तासाला लाल चौकटीतल्या ज्वाळेचे ते चित्र फळ्यावर काढतो. चित्राला माध्यम नसते.

जुन्नरच्या मुसलमानांत पूर्वी कागद करणारी घरे होती. जुन्नरी कागद दूरवर जाई, पेशवाईच्या दप्तरांत तो वापरला गेला. चिंध्या, पाणी, चुना, हौद, साचा – त्या कामात धोका कुठे आहे हे उस्तादाला ठाऊक असे आणि उस्तादाकडून शागिर्दाला कळे. गिरणीच्या कागदाने तो हुन्नर संपवला. आज मोहल्ल्यातली तरुण मुले गॅरेज, वेल्डिंग, भंगार, गॅस दुरुस्ती यांत आहेत, नाहीतर चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत जातात. हीही हुन्नराचीच कामे आहेत, आम्ही त्यांना कमी लेखत नाही. फरक एवढाच की आता वस्तू मोहल्ल्यात येते आणि तिच्याविषयीचे ज्ञान कारखान्याच्या फाटकातच राहते. ड्रममध्ये काय होते हे ज्याला ठाऊक आहे तो ड्रम कापत नाही आणि जो कापतो त्याला ठाऊक नसते. म्हणून दोघांच्या मधे एक तिसरा माणूस लागतो, ज्याला माहिती आहे आणि ज्याचा या सौद्यात फायदा-तोटा नाही.

हा तिसरा माणूस आम्हां शिक्षकांना चांगला ओळखीचा आहे. दहावीच्या उत्तरपत्रिका ज्या शाळेच्या, त्याच शाळेत तपासल्या जात नाहीत. मास्तर प्रामाणिक नसतो म्हणून नव्हे, तर आपल्या मुलाच्या अक्षरावर मास्तरचे मन बसलेले असते म्हणून. पण तिसरा माणूस नुसता बाहेरचा असून भागत नाही हेही आम्ही पाहिले आहे. प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक येतात. त्यांच्यासाठी बिर्याणी मागवली जाते, गाडीची व्यवस्था होते, आणि जेवणानंतरच्या तुकडीचे गुण जेवणाआधीच्या तुकडीपेक्षा हमखास चांगले येतात. कोणी लाच दिली असे म्हणता येत नाही. बिर्याणी तर पाहुण्याला घालायचीच!

कारखान्यांच्या बाबतीत हीच बिर्याणी जरा महागडी असते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली, ‘सक्षम व्यक्ती’ कोणाला म्हणावे याची व्याख्या आली. सरकार तिला मान्यता देते, ती बॉयलर नव्हे पण दाबाखालची भांडी, यारी, लिफ्ट वगैरे तपासून प्रमाणपत्र देते. बॉयलरला निराळा कायदा व निराळे संचालनालय. पेट्रोलियम आणि स्फोटके नागपूरच्या विस्फोटके सुरक्षा संघटनेकडे, कामगारांची सुरक्षितता राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. माणसे पुष्कळ, कागदही पुष्कळ. पण तपासणाऱ्या सक्षम व्यक्तीचे पैसे कोण देतो? ज्याची तपासणी, तोच. ज्याने ‘नापास’ लिहिले त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येईल का, हा प्रश्न त्या भल्या माणसाच्या पोटालाही पडत असेलच.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला, बारा माणसे गेली, आजूबाजूच्या वस्तीतल्या दोनशेहून अधिक लोकांना इजा झाली. त्याच वसाहतीत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दोहोंत आठ वर्षे. मधल्या काळात घातक कारखाने हलवण्याच्या किती घोषणा झाल्या ते डोंबिवलीकरांना विचारावे. आमच्या पुणे जिल्ह्यातच मुळशीच्या पिरंगुटजवळ उरवडे येथे ७ जून २०२१ ला एस.व्ही.एस. ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. पाणी शुद्ध करणारी रसायने तिथे बांधली जात. आणि ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट झाला. सहा बायका त्याच दिवशी गेल्या, नंतर रुग्णालयात आणखी.

तळवड्याची बातमी वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. कारण ती शेड आम्ही पाहिल्यासारखी वाटत होती. पत्र्याचे छप्पर, बाहेर चपलांची रांग, आत जमिनीवर बसून हातांनी माल भरणाऱ्या बायका, रोजंदारी. पालकसभेला ज्या माता येत नाहीत, कारण ‘खाडा पडतो’, त्या कुठे असतात याचे उत्तर अशा शेडांत आहे. स्फोटक पदार्थ हाताळण्याचा परवाना नसलेली शेड कुठल्या निरीक्षकाच्या यादीत असणार? तपासणी होते ती नोंदलेल्या जागेची. जी जागा कागदावर नाही ती कागदाप्रमाणे जळतही नाही. माणसे मात्र जळतात.

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. जुन्या मूळ कायद्यात विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना होई. संहितेत तो आकडा वीस झाला आहे. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक आणि सुलभकर्ता’. त्रयस्थाकडून सुरक्षा तपासून घेण्याची वाट संहितेत ठेवली आहे, आणि जीवघेण्या कामाच्या ठिकाणी कामगारांची संख्या न पाहता संहिता लागू करण्याची मुभाही सरकारला आहे. अधिसूचना निघाली तर. आमच्या मुलाच्या दुकानात मालक धरून चार माणसे होती. वाफेला चार आणि वीस यांतला फरक कळत नाही.

याच बाबतीत दुसरीकडे काय करतात? ब्रिटनमध्ये २००२ साली घातक पदार्थ व स्फोटक वातावरण यांचे नियम आले, युरोपच्या १९९९ च्या निर्देशावरून. जिथे स्फोटक वाफ वा धूळ साचू शकते अशा जागेचे आधी विभाग पाडायचे : कुठे ती सतत असते, कुठे अधूनमधून, कुठे क्वचित. त्या त्या विभागात कोणता दिवा, कोणते बटण चालेल ते ठरवायचे. आणि जागा पहिल्यांदा वापरात आणण्यापूर्वी स्फोटापासूनच्या सुरक्षिततेची एकूण तपासणी सक्षम माणसाकडून करून घ्यायची. विभागांची ही पद्धत आपल्या भारतीय मानकांतही आहे. तो सक्षम माणूस बाहेरचाच असावा असा तिकडच्या नियमाचा हट्ट नाही. आमचा मात्र आहे. आपल्याकडे मालकाच्या माणसाने मालकाला ‘थांबा’ म्हणणे ही अजून कथा-कादंबरीतली गोष्ट आहे.

आणि एकदा तपासून भागत नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत, जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, त्यामुळे साखर हा इथल्या घराघरांतला विषय. वर्गात आम्ही सांगितले की साखरेच्या धुळीचाही स्फोट होतो, तेव्हा मुले हसली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगर या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट झाला आणि चौदा कामगार गेले. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. हे मंडळ दंड करत नाही, खटला भरत नाही, फक्त कारण शोधते आणि जगाला सांगते. त्याला दिसले ते असे : साखरेच्या कोठारांखालचा वाहक पट्टा आदल्या वर्षी पत्र्यांनी बंदिस्त केला होता, हेतू चांगला, साखरेत काही पडू नये. पण उघड्यावर जी धूळ विखुरत होती ती आता पेटीत साचू लागली. बदल केल्यावर ‘आता हवेत किती धूळ आहे’ असे कुणी विचारले नाही. हे ऐकल्यावर मुले हसायची थांबली.

हे सगळे परदेशातच जमते असे कुणी म्हणेल म्हणून आमच्याच अंगणातले सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आमच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळपासच्या यंत्रांतल्या विजेच्या ठिणग्यांचा गोंगाट त्यांना बुडवतो. म्हणून या परिघात उद्योग आणायचा तर दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांची हरकत आहे का ते पाहावे लागते. आमच्या भागात मोठी एमआयडीसी का नाही, याची तक्रार करताना लोक खोडदकडे बोट दाखवतात. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गालाही या दुर्बिणीमुळे वळण घेण्याची पाळी आली. रोजगार हवा असणाऱ्या तरुणांचा राग आम्हांला कळतो. पण त्या व्यवस्थेकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. तपासणारा उद्योगाच्या पगारावर नाही. त्याच्याकडे स्वतःचे यंत्र आहे. तो ‘नाही’ म्हणू शकतो, आणि ‘नाही’ म्हटल्यावर सरकार ऐकते. वेल्डिंगची ठिणगी ताऱ्यांच्या कामात व्यत्यय आणते की नाही हे पाहायला एवढी व्यवस्था. तीच ठिणगी ड्रमजवळ पडली तर? तारे तर लाखो कोटी मैलांवर आहेत, आमचा मुलगा रस्त्याच्या कडेला बसला होता.

मोहल्ल्यात या विषयावर बोलायला आम्ही भंगारवाल्यांना एका रविवारी बसवले. पाच दुकानांचे मालक आले. चाचांच्या वयाचे एक गृहस्थ म्हणाले, “सर, तुमी शाळेत शिकवा. आमी पंचवीस साल ड्रम कापतो.” आम्ही ऐकून घेतले. मग आमचा तो विद्यार्थी उठून पुढे येऊन बसला. काही बोलला नाही. हात मांडीवर ठेवून बसला. चर्चा तिथून पुढे सरकली.

ज्वलनशील वाफ मोजण्याचा मीटर असतो, हातात मावेल एवढा. भडकायला लागणाऱ्या किमान वाफेच्या किती टक्के वाफ आत आहे ते तो दाखवतो. पाच जणांनी मिळून एक घ्यायचे ठरले. लगेच वाद सुरू : मीटर कुणाच्या दुकानात राहणार? “तुझ्याकडे राहिला तर तू तुझेच ड्रम पास करशील.” आम्हांला मनातून हसू आले. ज्या प्रश्नावर मोठमोठ्या समित्या अहवाल लिहितात, तो पाच मिनिटांत नेमका पुढे आला होता! शेवटी सगळे म्हणाले, सर के पास रखो. आम्ही नकार दिला. नुसता मीटर वाचता येऊन चालत नाही. आकडा शून्य आला तरी ड्रमच्या पत्र्याला चिकटलेला रंगाचा वा डांबराचा थर तापल्यावर नव्याने वाफ सोडतो. ड्रम आतून धुऊन, पाण्याने भरून, वर किती पोकळी ठेवायची हे कळणारा माणूस लागतो. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक तयार झाले. प्रत्येक दुकानाने महिन्याला सारखी रक्कम द्यायची, ड्रम पास होवोत वा नापास, असे ठरले. ही अट त्यांनीच घातली आणि चहासुद्धा घरून पिऊन येतो म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी सात ड्रम मांडले होते. त्यांनी पाच धुऊन घेतले, पुन्हा मोजले, पाण्याने भरून कापायला लावले. दोन ड्रमांवर खडूने फुली मारली आणि म्हणाले, हे ज्या कारखान्यातून आले तिकडे परत पाठवा, यांत काय होते ते मला कळत नाही. मालकाने कपाळाला हात लावला. पण फुली पुसली नाही. दोन्ही ड्रम दुकानामागे बाभळीखाली उभे राहिले.

महिन्याभराने आम्ही त्या बाजूने चाललो होतो तेव्हा बाभळीखाली एकच ड्रम होता. मालकाला विचारले. तराजूवर पत्रा चढवता चढवता तो म्हणाला, “नाशिकवाल्या गाडीला दिला, सर. उसने पूछाच नै.”